कापलं की वाढायचं

मी सारिका. पारनेर तालुक्यात आमचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. नवरा अमोल आणि मी मिळून चालवतो. कॉलेज सुटल्यापासून मी चार ओळी सलग लिहिल्या नव्हत्या. आता लिहितेय, कारण पलंगावर पडून असताना मी माझ्या आजाराचं नाव मोबाईलवर मराठीत शोधलं होतं आणि तिथे एकही माणूस सापडला नव्हता. नुसते जखमांचे फोटो होते. ते पाहून मी मोबाईल उशीखाली पालथा घातला आणि पुन्हा कधी शोधलं नाही. कुणी असंच शोधत असेल, तर तिला निदान एक बाई भेटावी.

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी, आमच्याच जिल्ह्यातल्या बेलापूरला आले होते. पोटात पाणी कमी झालं म्हणून ऐनवेळी सिझर करावं लागलं. मुलगी झाली. काळ्याभोर जावळाची, सारखी मुठी चोखणारी. घरी आल्यावर आईनं शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू असं सगळं सुरू केलं. घरात आई, धाकटा भाऊ गणेश, त्याची बायको मनीषा आणि त्यांचा रांगता मुलगा. सगळं आनंदाचं होतं. फक्त माझे टाके दुखत होते.

"टाकं दुखत्यातच बाई," आई म्हणाली. "जरा दम धर. सगळ्या बायांचं दुखतं."

पण हे दुखणं वेगळं होतं. मला ते कुणाला सांगता येईना. अंगावरची चादर टाक्यांना लागली तरी डोळ्यांसमोर अंधारी यायची. मग डाव्या टोकाला एक पुळी आली. दुसऱ्या दिवशी तिच्याभोवतीची कातडी जांभळी झाली, मार लागल्यासारखी. मग ती पुळी फुटली आणि टाक्यांची शिवण तिथून उसवायला लागली. ताप चढला. बाळंतपण केलेल्या डॉक्टरीणबाईंनी दोन टाके काढले, पू काढला, अँटिबायोटिक बदललं. कमी होण्याऐवजी जखम रोज थोडी सरकत गेली. शेवटी त्या म्हणाल्या, "इथे वेळ घालवू नका. नगरला न्या."

कागदावर आता अहिल्यानगर आहे, पण आमच्या तोंडी अजून नगरच येतं. गाडीत मागच्या सीटवर आडवी होऊन मी गेले. राहुरीच्या पुढे रस्त्यावर गाडी आदळली की मी ओरडायचे आणि पुढे बसलेला गणेश ड्रायव्हरवर ओरडायचा. बाळ घरीच ठेवलं होतं. दोन-तीन दिवसांत येतोच म्हणून मी तिचा नीट निरोपही घेतला नव्हता.

ड्रेसिंगची ट्रॉली

नगरच्या दवाखान्यातले सर्जन पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. जखम पाहून त्यांचा चेहरा बदलला. आतलं मांस सडत चाललंय, ते काढलं नाही तर विष अंगभर पसरेल, असं त्यांनी अमोलला बाहेर नेऊन सांगितलं. त्याच दिवशी मला ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. शुद्धीवर आले तेव्हा सर म्हणाले, "आता जखम स्वच्छ आहे. आता भरेल."

भरली नाही. जिथपर्यंत त्यांनी कापलं होतं, त्याच्या पलीकडे पुन्हा तीच जांभळी कड आली. पुन्हा थिएटर. पुन्हा "आता भरेल." मग तिसऱ्यांदा. हाताच्या पंजाएवढी असलेली जखम अख्ख्या ओटीपोटावर पसरली. मी मान उचलून तिकडे बघत नसे. छताचा पंखा, त्याच्या पात्यांवरची धूळ, कोपऱ्यातला ओलाव्याचा डाग, एवढंच माझं जग झालं.

सकाळी चहा यायचा. मग मावशी फरशी पुसायच्या. आणि मग कॉरिडॉरमधून ड्रेसिंगच्या ट्रॉलीचा खडखडाट यायचा. एक चाक वाकडं होतं तिचं. तो आवाज दुसऱ्या कुणाच्या खोलीपाशी थांबला की मला बरं वाटायचं, हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं. सिस्टर मनापासून काम करायच्या. जखमेतला सगळा मळ निघावा म्हणून घासून घासून पुसायच्या. मी उशीचा कोपरा दातांत धरायचे. अमोल माझे पाय धरून उभा राहायचा. एके दिवशी त्यालाच चक्कर आली आणि तो भिंतीला घसरत खाली बसला. त्यानंतर तो दाराबाहेर थांबायला लागला. आत यायचा तेव्हा डोळे धुतलेले असायचे.

"अहो, मी मरतेय का?" एकदा मी त्याला विचारलं.

"येडी हाय का तू," तो म्हणाला. पण माझ्याकडे न बघता म्हणाला.

आणखी एक गोष्ट होती, वासाची. स्वतःच्या अंगाला असा वास येऊ शकतो, यावर माझा विश्वास बसेना. भेटायला आलेली माणसं दारातून दोन पावलं आत यायची, मग पदर किंवा रुमाल नाकाशी जायचा आणि त्यांना एकदम काहीतरी काम आठवायचं. माझी सख्खी मावशी तर आईला बाहेर म्हणाली, "लागट असंल गं. बाळाला हिच्याजवळ आणू नको." दार अर्धवट उघडं होतं. मला ऐकू आलं, आणि मला तेच खरं वाटायला लागलं.

कुणामुळे

दुखणं माझ्या पोटावर होतं आणि भांडण बाहेरच्या बाकावर चाललं होतं.

माझ्या सासूबाई पारनेरहून आल्या होत्या. त्यांचं म्हणणं, बाळंतिणीला पहिल्याच आठवड्यात वांगं खाऊ घातलं, म्हणून टाके पिकले.

"मी वांग्याला शिवलेसुदिक न्हाई," आई रडकुंडीला येऊन म्हणायची. "देवाशपथ सांगते."

"मग भात दिला असंल. पोरगी आमच्याकडं होती तोवर धडधाकट होती."

वडील माझ्या लग्नाआधीच गेलेले, त्यामुळे आईची बाजू घ्यायला कुणी मोठं माणूस नव्हतं. माझे सासरे तेवढे कुणाला काही बोलले नाहीत. ते शिंगणापूरला जाऊन शनीला तेल वाहून आले आणि परत बाकावर येऊन बसले. मला आतून ओरडावंसं वाटायचं की भांडू नका, कुणीतरी आत या आणि माझ्याजवळ बसा. पण ओरडलं की पोटाला ताण पडायचा.

बाळ

सर्जरीच्या वॉर्डात तान्ह्या बाळाला आणू देत नव्हते. सुरुवातीला आई माझं दूध काढून, बाटलीत भरून गणेशबरोबर पाठवायची. मग ताप, उपास आणि औषधांच्या माऱ्यात माझं दूध आटत गेलं. एक दिवस आईनं बराच वेळ प्रयत्न केला आणि बाटलीच्या तळाला नुसती ओल आली. तिनं बाटली पदराखाली लपवली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

घरी बाळाला पावडरचं दूध सुरू केलं. ते तिला सोसेना. उलट्या, जुलाब. गणेशचा फोन आला तेव्हा आई माझ्या डोक्याशी बसली होती. फोनमधून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. रडणं कसलं, चिरका, दमलेला आवाज. मी हात पुढे केला तसा आईनं फोन कानापासून काढून बाहेर नेला.

मी उठायचा प्रयत्न केला. खरंच केला. एक कोपर टेकवून मी अर्धी उठले असेन, आणि पोटात असं काही फाटल्यासारखं झालं की मी परत पडले. बाळ चाळीस मैलांवर उपाशी आणि मला कुशीवरही वळता येत नाही. त्या दुपारी मी देवाला शिव्या दिल्या. नंतर माफी मागितली. नंतर दोन्ही सोडून दिलं.

संध्याकाळी गणेशचा पुन्हा फोन आला. आईनं ऐकलं आणि तिचा चेहरा विचित्र झाला. सुटल्यासारखाही आणि ओशाळल्यासारखाही.

"मनीषानं घेतली," ती म्हणाली. "अंगावर. पिऊन झोपली म्हणं."

मनीषाचं लेकरू अजून अंगावर पीत होतं. ती पाथर्डीकडची. तिचे आईवडील दर हंगामाला ऊस तोडायला जातात. आमच्या घरात तिला कुणी छळलं नव्हतं, पण आई तिच्या बोलण्याला हसायची, ती भाकरी जाड करते म्हणायची, आणि माझं तिच्याशी "कशी आहेस, बरी आहे" याच्या पलीकडे कधी गेलं नव्हतं. तिनं कुणाला विचारलं नाही. बाळ रडत होतं, तिनं उचललं आणि पदराखाली घेतलं.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. आणि त्याचबरोबर माझं असं काहीतरी कुणी उचलून नेलं असंही वाटलं. दोन्ही एकदमच.

"मला कळत नाहीये"

त्यानंतर माझ्या हाताला, जिथे सलाईनची सुई होती, तिथे पुळी आली. तशीच. मग जांभळी कड. सिस्टरनी सुई दुसऱ्या हाताला लावली, तर तिथेही तेच सुरू झालं.

सर्जन सर राऊंडला आले. त्यांनी एक हात पाहिला, दुसरा पाहिला, पोट पाहिलं. रिपोर्ट पुन्हा चाळला. पू तपासायला पाठवला होता, त्यात एकदाही जंतू सापडले नव्हते. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्याजवळ बसले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा बसले.

"सारिकाताई," ते म्हणाले, "मी जेवढं कापतोय तेवढं हे वाढतंय. का, ते मला कळत नाहीये. मी आता कापणार नाही. एका मॅडमना बोलावतो, त्या कातडीच्या डॉक्टर आहेत."

डॉक्टरच म्हणाला मला कळत नाही, हे ऐकून अमोल खिडकीकडे गेला. तिथला गज धरून उभा राहिला. मला मात्र त्या माणसाविषयी पहिल्यांदा विश्वास वाटला.

त्या मॅडम संध्याकाळी आल्या. साध्या, घाईघाईत आल्यासारख्या, खांद्याला पर्स तशीच. पोटावरची पट्टी त्यांनी मिठाच्या पाण्यानं भिजवून भिजवून सोडवली, त्यामुळे ओढली गेली नाही. मग खूप प्रश्न विचारले. पूर्वी कधी शौचातून रक्त? सांधे सुजले होते? लहानपणी कधी खरचटलं तर चिघळायचं? त्यांनी जखमेची कड बोटानं हलकेच उचलून पाहिली. तिच्याखाली पोकळी होती.

"मला एक शंका आहे," त्या सरांना म्हणाल्या. "कडेचा एक छोटा तुकडा तपासायला घेऊ. टीबी किंवा आणखी काही नाही ना, ते आधी बघावं लागेल. पण तोवर कुणीही हिची जखम घासायची नाही. ब्लेड तर लावायचंच नाही."

तपासण्यांचे रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की ट्रॉली यायची, सिस्टर घासायच्या नाहीत, नुसती ओली पट्टी ठेवून जायच्या, आणि मी प्रत्येक वेळी तरीही उशीचा कोपरा दातांत धरायचे.

मग मॅडमनी सगळ्यांना आत बोलावलं. आई, सासूबाई, सासरे, अमोल, सगळे पलंगाभोवती उभे राहिले. त्यांनी नाव सांगितलं. पायोडर्मा गँग्रिनोझम. ते आमच्यापैकी कुणालाच नीट म्हणता आलं नाही.

"हा फार क्वचित होणारा आजार आहे," त्या म्हणाल्या. "यात जंतू नसतात. रोगाशी लढणाऱ्या पेशी स्वतःच्याच कातडीवर उठतात. म्हणून अँटिबायोटिकनं फरक पडला नाही. आणि अशा माणसाच्या कातडीला कुठेही इजा झाली, सुई, टाका, चाकू, तर तिथे नवी जखम होऊ शकते."

"म्हणजे साफ केलं म्हणून..." अमोलचं वाक्य अर्धं राहिलं.

"हो. तेव्हा कुणाला ते कळणं अवघड होतं. दिसायला सडलेल्या जखमेसारखंच दिसतं."

सर्जन सर दाराशी उभे होते. कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही. मला राग यायला हवा होता. मी तो शोधला आणि मला सापडला नाही, मी इतकी थकले होते.

"आणि लागट?" आईनं विचारलं. "पोरीला हुईल का?"

"नाही. कुणालाच होणार नाही. बाळाला जवळ घेऊ दे."

"वांग्यानं हुतं का मॅडम?" हेही आईनंच विचारलं, सासूबाईंकडे न बघता.

मॅडम पहिल्यांदा हसल्या. "वांग्यानं नाही, भातानं नाही, कुणाच्या हातच्या जेवणानं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी कुठूनतरी गरम पाण्याची बादली आणली, माझी मान पलंगाच्या कडेला घेतली आणि कित्येक आठवडे न धुतलेले माझे केस धुतले. गुंता सोडवताना एकदाही ओढ बसू दिली नाही. आईची माफी काही त्यांनी मागितली नाही. पण त्या दिवशी दोघींनी एका डब्यातून जेवण केलं.

सुजलेला चेहरा

स्टिरॉइड सुरू झालं, जोडीला दुसऱ्या गोळ्या. मी मॅडमना विचारलं होतं, "हे नाही लागू पडलं तर?"

"दुसरं देऊ."

"आणि तेही नाही?"

"आधी हे देऊन बघू," एवढंच त्या म्हणाल्या. खोटा धीर दिला नाही.

लागू पडलं. तिसऱ्या दिवशी चादर पोटाला लागली आणि मी ओरडले नाही. माझ्याच ते उशिरा लक्षात आलं. जांभळी कड फिकी पडली, ताप उतरला. पण भरायला महिने लागले. गोळ्यांनी चेहरा भोपळ्यासारखा सुजला, साखर वाढली, झोप उडाली, सारखी भूक लागायची आणि विनाकारण रडू यायचं. आरशात बघून मी स्वतःला ओळखलं नाही.

घरी बेलापूरला आणलं तेव्हा अंगणातच मनीषा बाळाला घेऊन उभी होती. पलंगावर टेकून बसले तसं तिनं बाळ माझ्यापुढे धरलं. मी हात पसरले. बाळानं माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघितलं, ओठ काढले आणि मान वळवून मनीषाच्या खांद्यात तोंड खुपसलं.

मनीषाच घाबरली. "वळख न्हाई ना ताई, म्हणून. हुईल. येतीच बघा उद्यापासून."

उद्यापासून आली नाही. भूक लागली की ती मनीषाकडे, झोप आली की मनीषाकडे. मला अजून तिला उचलायची परवानगी नव्हती, पोटाला लाथ बसेल म्हणून. मी पलंगावर, आणि समोर जमिनीवर बसून मनीषा एका मांडीवर तिचं लेकरू, दुसऱ्या मांडीवर माझं, अशी बसायची. एक दिवस मला राहवलं नाही. "तुला त्रास होत असेल," मी म्हणाले. "दोघांना पुरतं का?" मला म्हणायचं दुसरंच होतं.

"पुरतं की," ती म्हणाली. "ताई, माझी माय फडात ऊस तोडायची ना, तवा मला पाचटाच्या कोपीवर ठिवायची. ज्या बाईला दूध असंल ती पाजायची मला. मी कुणाकुणाचं पिऊन वाढले, माझ्या मायला बी सांगता यायचं न्हाई. तरी मी मायचीच हाय ना?"

आई दारात तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. त्यानंतर आई मनीषाच्या भाकरीबद्दल कधी काही बोलल्याचं मी ऐकलं नाही.

आता

जखम भरली. तिथली कातडी पातळ, कागदासारखी आणि गर्द रंगाची आहे. दोन्ही हातांवर गोल खुणा आहेत. गोळ्या कमी करत करत मॅडमनी थांबवल्या, मध्येच घोट्याला नवी पुळी आली, परत सुरू केल्या. हे असं चालू राहू शकतं, असं त्या म्हणतात. दुसऱ्या बाळाचं विचारलं तर म्हणाल्या, आत्ता नको, आणि पुढे ठरवलं तर पहिल्या दिवसापासून त्यांना सांगायचं. अमोलनं तो विषय बंदच करून टाकलाय.

ज्यांना गरज असेल त्यांच्यासाठी एवढंच. जखम औषधानं न भरता वाढत असेल, कड जांभळी असेल, दुखणं जखमेच्या मानानं फारच असेल, आणि साफ केल्यावर आणखी पसरत असेल, तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. विचारायला लाजू नका. माझे सर्जन मोठे होते, त्यांनी स्वतः विचारलं. सगळ्यांना तसे भेटतीलच असं नाही. आणि हा आजार निघाला, तर पुढे दात काढायचा असला तरी आधी डॉक्टरांना त्याचं नाव सांगा. मी ते आता न अडखळता म्हणते.

मुलगी पारनेरला आली तेव्हा रांगत होती. गाडीत बसताना ती मनीषाकडे हात करून इतकी रडली की मनीषा घरात निघून गेली. अमोल म्हणाला, "होईल सवय." झाली. आता ती माझ्याजवळ झोपते, दुकानात माझ्या पायांत खेळते, तिला तिच्या नावानं हाक मारली की वळते.

मागच्या महिन्यात तिला लस दिली. दोन दिवसांनी दुपारी दुकानात तिची चड्डी बदलताना मांडीवर लाल पुळी दिसली. लागट नाही, पोरीला होणार नाही, हे मॅडमनी मला किती वेळा सांगितलंय. तरी मी चड्डी अर्धवट सोडून मागे सरकले. अमोल माल आणायला गेला होता. मला त्या पुळीकडे दुसऱ्यांदा बघवेना. मी मनीषाला व्हिडिओ कॉल लावला.

"मांडी दाखवा," ती म्हणाली. "जवळ धरा मोबाईल. असा हलवू नका ताई, दिसंना मला. सुई कुठं दिली हुती?"

"डावीकडे."

"आन् ही?"

मी बघितलं. उजवी मांडी होती.

"डास चावलाय, ताई," मनीषा म्हणाली. "खोबऱ्याचं त्याल लावा." मग हळू आवाजात, "तोंड दावा ना तिचं."

मी मोबाईल वळवला. माझी मुलगी खुदकन हसली, दोन्ही हातांनी काच धरली आणि मनीषाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "आई."

मनीषा "न्हाई गं, मामी, मामी" म्हणत राहिली. मी मोबाईल घट्ट धरून तशीच बसून राहिले, मनीषाचं बघून होईपर्यंत.